झिलूने पान अडवलं

डोंगराच्या कुशीत एक गाव, गावाला एक शाळा, आणि त्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव झिलू. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. तेवढाच काय तो त्याच्यात दोष.

शाळेत मुलं बारा. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते, आणि शाळा ठेवायची की बंद करायची ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वायंगणकर बाईंनी बेत केला. देवराईत मुलांचं दशावतारी नाटक करायचं, सोंगं सगळी झाडांची.

"झिलू, मुखवट्यांना फणसाची दहा पानं आण."

झिलूने अख्खी फांदी मोडून आणली.

"अरे देवा! झाडाला आधी विचारावं, 'घेऊ का?' मग हात लावावा."

"बरां, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला देवळातला ढोल आणायला धाडलं. दुपार झाली तरी झिलू ढोलासमोर बसलेला.

"विचारलंय, बाई. ढोल काय बोलूकच नाय."

"ढोल कसा बोलेल? वाजवून बघायचं. बरा वाजला की उचलायचा!"

"बरां, बाई."

तिसऱ्या दिवशी नाटकाचं आमंत्रण द्यायला सरपंचांना शाळेत बोलावून आणायचं होतं. थोड्या वेळाने झिलू आला तो सरपंचांना खांद्यावर घेऊनच. त्यांचं टक्कल लालभडक झालं होतं.

"बरे वाजले, बाई. म्हणान उचललंय. तुमीच सांगलात मां?"

सरपंच खाली उतरले ते शिव्या देतच. बाईंनी त्यांची माफी मागितली आणि झिलूला दम भरला, "माणसांना उचलून आणू नकोस!"

"बरां, बाई."

तपासणीच्या दिवशी बाईंनी त्याला राईच्या वाटेवर उभं केलं. "इथली चाल ठाऊक आहे ना? राईतलं एक पान बाहेर जाता कामा नये. मुखवटेसुद्धा झाडाखालीच ठेवायचे."

नाटक असं रंगलं की साहेब पोट धरधरून हसले. वडाचं सोंग घेतलेली पोर गिरकी घेताना पडली, तर "वड पडला!" म्हणून त्यांनीच टाळी दिली. मग तिथेच वहीत शेरा लिहिला, पान फाडलं, खिशात घातलं आणि निघाले.

वाटेवर झिलू आडवा.

"साहेब, खिशात पान हा."

"अरे, हे कागदाचं पान!"

"राईतला पान भायर जावचा नाय."

साहेब तापले. बाई धावत निघाल्या. साहेबांनी रागाने ते पान फाडलं तर शाळाच गेली! त्या लांबूनच ओरडल्या, "झिलू, राईला विचार आणि सोड त्यांना!"

झिलूने हात जोडले. "राईबाय, नेव काय?" वारा आला, पानं सळसळली. राई हो म्हणाली. पुढचं त्याला पाठच होतं. त्याने साहेबांच्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, कान देऊन ऐकलं, आणि साहेबांना खांद्यावर टाकलं.

"अरे, माणसांना उचलून आणू नकोस म्हटलं होतं ना!"

"आणतंय खंय, बाई? नेतंय!"

थेट एसटी थांब्यावर नेऊन ठेवलं. तिथे साहेबांनी शेऱ्यात एक ओळ वाढवली आणि पान सरपंचांकडे धाडलं. संध्याकाळी सरपंचांनी शेरा सगळ्या गावासमोर वाचला. "शाळा उत्तम. चालू ठेवावी. शिपाई बदलावा."

दुसऱ्या दिवशी झिलू घंटेच्याही आधी हजर. नवा सदरा, नवी टोपी, भांगसुद्धा दुसऱ्या बाजूने पाडलेला.

"बाई," तो म्हणाला, "बदललंय."