सहा शेळ्या आणि उपाशी लांडगा

एका गावात देवळं सात होती आणि शिकारीचे कायदे दोनच. देवळांत माणसं सणासुदीला जायची. कायदे मात्र रोज पाळावे लागायचे, कारण गाव अगदी रानाला चिकटून होतं.

पहिला कायदा डुकरांचा. रानडुक्कर पिकात शिरलं तर खुशाल मारा. पण ते बांध ओलांडून रानात गेलं की भाला खाली.

दुसरा कायदा लांडग्या-बिबट्यांचा. शेळी-मेंढी मेली म्हणून लगेच भाले घेऊन बांधापलीकडं धावायचं नाही. मेलेलं जनावर आधी पारखिणीला दाखवायचं. ती जखमा बघून सांगायची, कुणाचे दात आहेत ते. ती "मारा" म्हणाली तरच मारायचं.

ही पारखीण म्हणजे एक म्हातारी. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. आजवर ती दोनदाच "मारा" म्हणाली होती. एकदा गोठ्यात शिरायची चटक लागलेल्या बिबट्याला आणि एकदा पिसाळलेल्या तरसाला. बाकी प्रत्येक वेळी तिनं "नाही" म्हटलं आणि गावानं कुरकुरत का होईना, ऐकलं. तिचं स्वतःचं पोट भुईमुगाच्या एका तुकड्यावर होतं. रानाला सगळ्यात जवळ शेत तिचंच.

त्याच गावात एक पाटील होता. त्याच्याकडे पाच शिकारी कुत्री होती. वासरासारखी दांडगी. डुकरानं सुळा मारला तरी गळा वाचावा म्हणून त्यांच्या गळ्यात चामड्याचे रुंद पट्टे आणि पट्ट्यांना लोखंडी खिळे. पाटलाचं शेत पारखिणीच्या शेताला लागून होतं. कुत्री दोन्ही शेतं राखायची आणि म्हातारीच्या शेंगा दरसाल धडपणी घरी यायच्या.

सुरुवातीला पाटील कायद्यानं वागला. पण कुत्र्यांच्या धाकानं डुकरं पिकात यायची कमी झाली आणि त्याला करमेना. तो कुत्री घेऊन बांधाच्या पलीकडे जाऊ लागला. गावाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. चांगलं ठाऊक होतं. पण शिकारीचा वाटा पळसाच्या पानात बांधून घरोघर यायचा, आणि चुलीवर रस्सा उकळत असताना डुक्कर बांधाच्या कुठल्या अंगाला पडलं हे कोण विचारतंय?

कुत्री मात्र एक गोष्ट शिकली. जे पळेल त्याच्यामागे लागायचं. पिकात असो नाहीतर रानात असो, डुक्कर असो नाहीतर आणखी काही.

गावात एक शेळीवाली होती. एकटी बाई, नऊ शेळ्या हाच तिचा संसार. एका दुपारी शेळ्या टेकडीच्या उतारावर सोडून ती पाणी प्यायला ओढ्यावर उतरली. परत येऊन बघते तर सहा शेळ्या मरून पडलेल्या आणि तीन करवंदीच्या जाळीत थरथरत उभ्या.

त्या टेकडीवर लांडग्याची एक जोडी पिल्लं घेऊन राहत होती. ते सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे शेळीवालीचा आक्रोश वेशीपर्यंत पोचायच्या आधीच लांडग्याचं नाव पोचलं होतं. पाटील सगळ्यात पुढे. म्हणाला, उद्या सकाळी बीळ खणून काढू, पिल्लांसकट निकाल लावू. माणसं भाल्यांना धार लावायला बसली. कायदा म्हणून तेवढी पारखिणीची मान डोलली की झालं.

संध्याकाळी पाटील तिच्या दारात आला. दाणा भरतोय का बघायला उपटलेल्या चार रोपांच्या शेंगा निवडत ती बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पाटलानं आवाज खाली आणला.

"मावशी, उद्या लांडगाच म्हणा. उगाच फार बोटं घालत बसू नका. भुईमूग काढायला महिना आहे अजून. माझी कुत्री आहेत म्हणून तो उभा आहे, एवढं ध्यानात असू द्या."

म्हातारीनं एक शेंग फोडून त्याच्या हातावर दाणे ठेवले. "खा," म्हणाली. "औंदा दाणा चांगला भरतोय."

पाटील दाणे खात गेला. त्याला वाटलं, काम झालं.

तो गेल्यावर म्हातारीनं पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या. तिला कळलं होतं. लांडग्यानंच मारल्या असत्या तर हा माणूस माझ्या दारात कशाला आला असता? खरं बोलावं तर कुत्री जाणार. कुत्री गेली की डुकरं येणार, आणि पहिल्यांदा येणार ती तिच्याच शेतात. वर्षाचं धान्य म्हणा, तेल म्हणा, सगळं त्या एका तुकड्यात होतं.

सकाळी चावडीपुढे सहाही शेळ्या ओळीनं मांडल्या. सगळं गाव गोळा झालं. पाटील आला, मागून त्याची पाच कुत्री आली आणि सावलीत अंग टाकून पडली. शेळीवाली रडून रडून कोरडी झाली होती. "मावशी, लवकर सांगा," म्हणाली. "मला त्या लांडग्याचं कातडं हवंय."

पारखीण गुडघ्यांवर बसली. एकेक शेळी उलटीपालटी करून तिनं बघितली. गळा चाचपला, पोट बघितलं, मागच्या मांड्या बघितल्या. मग ती उठली आणि पदराला हात पुसले.

"लांडगा गळा धरतो," ती म्हणाली. "पोट फाडतो, पोटभर खातो, उरलं तर पिल्लांना नेतो. इथं एकीचाही गळा धरलेला नाही. कान फाटलेत, शेपट्या तुटल्यात, मांड्यांच्या चिंध्या झाल्यात. आणि सहा शेळ्यांतून घासभर मांस कमी नाही. घरी पिल्लं असताना सहा शेळ्या मारून उपाशी गेलेला लांडगा कुणी बघितलाय का?"

कुणी बघितला नव्हता.

"मग मारल्या कुणी?" शेळीवालीनं विचारलं.

"ज्याला घरी आयती भाकरी मिळते त्यानं."

असं म्हणून ती सावलीत गेली. सगळ्यात मोठ्या कुत्र्याचा पट्टा धरून तिनं त्याला उजेडात ओढलं. पाटलानं आदल्या दुपारी ओढ्यावर नेऊन कुत्र्यांची तोंडं धुतली होती. पट्टे धुवायचं त्याला सुचलं नव्हतं. लोखंडी खिळ्यांत पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता. शेळीवालीनं तो हातात घेतला आणि लगेच ओळखला. तिची चांदी नावाची शेळी तेवढी एकच पांढरी होती.

पाटील म्हणाला, कुत्री आहेत ती, डुकराच्या शिकारीची, चुकून झालं असेल. पारखिणीनं त्याला एवढंच विचारलं की शिकार कुठं करता, बांधाच्या अलीकडं की पलीकडं. पाटलानं मान खाली घातली. पण त्याच्याबरोबर गावाच्याही माना खाली गेल्या. सगळ्यांना पळसाची पानं आठवली.

तेव्हा म्हातारी म्हणाली, "वाटा माझ्याही घरी आला होता. मीही खाल्ला आणि विचारलं नाही. ती माझी चूक. पण आपण खाल्लं आपल्या जिभेसाठी आणि बीळ खणायचं त्या लांडग्याचं, हे माझ्या तोंडून व्हायचं नाही."

न्याय तिथंच झाला. पाटलाच्या गोठ्यातून सहा शेळ्या शेळीवालीला द्यायच्या. कुत्री साखळीला बांधायची. आणि कुत्री राखायची ती शेतं आता त्यांच्या मालकानं राखायची, स्वतः मचाणावर बसून, भुईमूग निघेपर्यंत.

शेळीवालीनं सहाही शेळ्या स्वतः निवडल्या, आणि पाटलाला आवडणाऱ्या निवडल्या.

तिसऱ्या दिवशी डुकरं आली. पाटलाचा डोळा लागला होता. सकाळी बघितलं तर म्हातारीच्या भुईमुगाचा एक कोपरा नांगरल्यासारखा उकरलेला. बांधावरून जाणारे म्हणाले, घ्या मावशी, खरं बोललात, आता माती खा. एकानं तर सांगितलं की पाटलाचे पाय धरा आणि कुत्री सोडायला लावा. म्हातारीनं उकरलेल्या मातीत हात घालून सुटलेल्या शेंगा वेचल्या, उरलेल्या रोपांना मातीची भर दिली. मचाणाखाली जाऊन मात्र ती पाटलाला म्हणाली, "झोपायचं असेल तर घरी झोपा. तुमच्यापेक्षा तुमची कुत्री बरी राखायची."

पाटलाच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्याची पापणी मिटली नाही.

पाचव्या दिवशी फटफटताना कळप पुन्हा आला. चार डुकरिणी, त्यांच्यामागे पाठीवर पट्टे असलेली दहा-बारा पिल्लं. पाटील डबा बडवत, घसा फोडून ओरडत मचाणावरून उतरला. आवाज पाटलाचाच, अर्धं गाव जागं झालं. कळप उधळला आणि बांध ओलांडून रानात घुसला. तिथं झुडपाआड दोन्ही लांडगे दबा धरून होते. एकानं मागे राहिलेलं पिल्लू उचललं, दुसऱ्यानं दुसरं. डुकरिणी उलट्या फिरल्या, पण लांडगे केव्हाच टेकडी चढून गेले होते. उरलेला कळप ओढ्यापार पळाला, आणि त्या हंगामात डुकरांनी पुन्हा तिकडे तोंड वळवलं नाही.

म्हातारी धावत आली तेव्हा पाटील बांधावर उभा होता. हातात भाला तसाच.

"मावशी, लांडगा पंधरा पावलांवर होता," तो म्हणाला. "माझा नेम चुकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग?"

पाटलानं पायाखालच्या बांधाकडे बघितलं. "पलीकडं होता."

म्हातारीनं त्याच्या हातातून भाला घेतला आणि मचाणाला टेकवून ठेवला.

"चला," म्हणाली. "भाकरी टाकलीय. दाण्याची चटणी आहे."

तात्पर्य एवढंच: उपाशी जिवावर आळ घेणं सोपं असतं. शिक्षेला निघण्याआधी पोट भरलेल्याच्या गळ्यातला पट्टा तपासा, आणि आपल्या ताटात काय आलं होतं तेही आठवा.