काडी, मधला आणि सोटा

"…पण बाबा, पान एक, शेत एक, मग चव तीन कशा?"

बसलिंग दर्ग्याच्या पायऱ्या दोन-दोन ओलांडत वर आला होता. चिरुटाच्या कारखान्यात पारखी म्हणून नेमून त्याला आठच दिवस झाले होते आणि स्वारी अजून जमिनीवर आली नव्हती.

नूरशहा फकीर दिव्याची वात वळत होते. "कसली चव, बेटा?"

त्याने खिशातून तीन चिरूट काढून फरशीवर मांडले. करंगळीहून बारीक ती काडी, बोटाएवढा तो मधला आणि अंगठ्याहून जाड तो सोटा.

"सोटा काय गार लागतो, बाबा! नुसता गूळ! मधला ठीक. पण काडी? जिभेला चावते! फकाफका चार झुरक्यांत ओळखलं मी! आज संध्याकाळी मालकांना सांगणार, काडी बंद करा. ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

"काडी वळतं कोण?"

"चौदा बाया आहेत. त्यांना… घरी बसावं लागेल. पण चव म्हणजे चव, बाबा!"

फकिरांनी काडी उचलून पेटवली. एक झुरका घेतला आणि हात गुडघ्यावर ठेवून दिला.

…

"विझेल, बाबा."

…

बसलिंगची चुळबुळ सुरू झाली. अंगणातली बकरी येऊन वास घेऊन गेली. मग फकिरांनी दुसरा झुरका घेतला, पुन्हा तेवढाच वेळ थांबले, आणि काडी त्याच्या हातात दिली.

"आता ओढ."

त्याने ओढली आणि तो उडालाच.

"अहो, ही गार आहे! सोट्यासारखी! गोड! बाबा, काय केलंत हिला?"

"काही नाही. बसलो होतो."

"कळलं! मला कळलं! दोन झुरक्यांमध्ये थांबायचं!" बसलिंगला आनंद आवरेना. "अख्ख्या कारखान्यात हे कुणाला ठाऊक नसेल! मालक काय खूश होतील!"

आणि त्या भरात त्याने फकाफका चार झुरके मारले. पाचव्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा… परत चावली."

"चांगलं झालं," फकीर म्हणाले. "आता जा, मालकांना सांग काय बंद करायचं ते."