मेथीच्या वासाचा चुना

पूर्वी वेत्रा नदीकाठच्या वेत्रपुरात जयसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका चुनाभट्टीवाल्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमिल. आईबाप लवकर गेले. थोरला भाऊ शंखक याने भट्टीची धग सोसून धाकट्याला वाढवले आणि तक्षशिलेला शिकायला पाठवले. शिकून आल्यावर सोमिल राजाच्या बांधकामाचा परीक्षक झाला. लग्न त्याने केले नाही. जेवायला भावाकडे, निजायलाही भावाकडेच. जगात आपले म्हणावे असे त्याला तेवढे एकच दार होते.

एका वर्षी नदीने खालची आळी धुऊन नेली. कुंभार गेले, परीट गेले, पाळण्यातली पोरे गेली. तेव्हा राजाने काठाला भिंत बांधायचे ठरवले. दगड डोंगरात हवा तेवढा होता. प्रश्न चुन्याचा होता. भिंत उभी राहते दगडाने, पण टिकते चुन्याने. ज्याला त्या चुन्याचा मक्ता मिळणार, त्याची भट्टी कित्येक वर्षे विझणार नव्हती.

मक्ता देण्याची त्या नगरात एक रीत होती. भट्टीवाले आपल्या चुन्याचे गोळे एकसारख्या गाडग्यांत आणीत. द्वारपाल पडद्याआड गाडग्यांची अदलाबदल करी आणि त्यांत पाणी ओती. दुसऱ्या दिवशी परीक्षक भर सभेत गोळे दाबून पाही. सगळ्यांत टणक राहील तो चुना राजाचा. गाडगे कोणाचे हे परीक्षकाला कळता कामा नये. आणि कळले, तर ते गाडगे बाद. माणसाच्या मनाचा भरवसा नसतो हे ज्यांना ठाऊक होते, अशा शहाण्यांनी ही रीत घातली होती.

शंखकाने गाडगे दिले तेव्हाच बाकीचे भट्टीवाले कुरकुरले. "पारखणारा भाऊ, मक्ता घेणारा भाऊ! मग आमची गाडगी कशाला? ताक घुसळायला?"

"गाडग्याला तोंड असतं, नाव नसतं," शंखक म्हणाला. "पडदा काय शोभेला लावलाय?"

सोमिलालाही तसेच वाटले. त्याने पडद्यावर भरवसा ठेवला. चूक झाली ती इथेच.

परीक्षेच्या दिवशी सभा भरली. पहिल्या गाडग्यातला गोळा बोट लागताच पिठासारखा पसरला. दुसरा जरा बरा निघाला. पुढच्या गाडग्यावर सोमिल वाकला आणि त्याला मेथीचा वास आला.

त्यांची आई मेथी भिजवलेल्या पाण्यात चुना मळीत असे. त्या नगरात दुसरे कोणी तसे करीत नव्हते. सोमिलाने गोळा दाबला. अंगठा जरासुद्धा रुतला नाही. पाण्यात दगड व्हावा तसा तो चुना झाला होता. मागच्या रांगेत शंखक टाचा उंचावून पाहत होता.

सोमिलाने हात पुसला आणि तो आसनावरून खाली उतरला.

"महाराज, ही परीक्षा माझ्याच्यानं होणार नाही. हे गाडगं कोणाचं ते मला कळलंय. माझ्या दादाचं आहे."

राजा म्हणाला, "चुना वाईट आहे का?"

"उत्तम आहे, असं माझा अंगठा म्हणतो. पण हा अंगठा परीक्षकाचा बोलतोय की धाकट्या भावाचा, ते मला सांगता येत नाही. मलाच येत नाही, तर खालच्या आळीनं कोणाच्या भरवशावर निजायचं?"

"अरे, तू बोलला नसतास तर कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं, महाराज."

शंखकाचे गाडगे बाद झाले. राजाने परदेशातून असा परीक्षक बोलावला, ज्याचे त्या नगरात कोणी सोयरे नव्हते. मक्ता दुसऱ्याच भट्टीला मिळाला.

सोमिल घरी आला. वहिनीने ताट वाढले, तेव्हा शंखक दारातच उभा होता.

"आईनं शिकवलं तसा चुना मळला मी," तो म्हणाला. "तुझ्या सचोटीपायी आईला विसरू?"

"दादा, तुझं गाडगं आलं तेव्हाच मी बाजूला व्हायला हवं होतं. चुकलो मी."

"चुकलास तू, आणि गाडगं फुटलं माझं! माझ्या भाकरीवर पोसलेला तुझा अंगठा, माझ्याच चुन्यापुढं मुका झाला होय रे?"

त्या ताटावर कोणीच बसले नाही. आठवड्याच्या आत शंखकाने बायकोसह नदीपलीकडे जाऊन नवी भट्टी घातली.

जे काल कुरकुरत होते तेच आता म्हणू लागले, "सख्ख्या भावाचा झाला नाही, तो कोणाचा होणार!" राजाने सोमिलाला शाल दिली. पण सणाला त्याला कोणी जेवायला बोलावले नाही. सरळ माणसाला लोक वाट देतात, पाट देत नाहीत.

भिंत झाली. ती पडली असती तर लोकांनी शंखकाला खरे मानले असते. ती उभी राहिली, तरी सोमिलाला खरे कोणी मानले नाही. लोक म्हणत, चांगला चुना काय, दोन भट्ट्यांतही निघतो.

सोमिल रोज संध्याकाळी भिंतीवर जाऊन बसे. पलीकडे भट्टीचा धूर दिसे. वारा तिकडून असला की मेथीचा वास येई, आणि दादाचे बरे चालले आहे एवढे त्याला कळे. नावाड्याबरोबर त्याने निरोप पाठवले. नाव रिकामी परत येई. अशीच वर्षे गेली आणि सोमिलाचे केस पिकले.

मग एका पावसाळ्यात वेत्रेला मोठा पूर आला. पलीकडून लोक नावा भरभरून येऊ लागले. एका नावेतून वहिनी उतरली. एकटीच.

"वहिनी, दादा कुठं आहे?"

"मला नावेत बसवलं त्यांनी. म्हणाले, त्या भिंतीमागं जा आणि बिनघोर नीज. तिच्या चुन्यात मेथी नाही, पण लबाडीही नाही. माझ्या सोम्यानं होऊ दिली नाही."

"मग तो का नाही आला?"

"म्हणाले, इतकी वर्षं बोललो नाही, आता पाणी चढलं म्हणून कोणत्या तोंडानं जाऊ?" तिने पदराने तोंड पुसले. "एकाच भट्टीतले तुम्ही दोघं. एकाला बोलल्यावाचून राहवत नाही, दुसऱ्याला बोलवत नाही."

सोमिल नाव सोडायला धावला. नावाड्यांनी त्याला धरून ठेवले. तोवर पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता.

भिंत टिकली. खालच्या आळीतले एक मूलही गेले नाही. पूर ओसरला, पण पलीकडे धूर काही निघाला नाही. सोमिलाने वहिनीला आईसारखे सांभाळले. संध्याकाळी तो भिंतीवर बसतच राहिला. वारा येई. त्याला कसलाही वास नसे.

भिक्षूंना एवढे सांगून त्यांचा गुरू शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तो जयसेन राजा म्हणजे आज आपल्याला हा विहार बांधून देणारा गृहस्थ. ती वहिनी म्हणजे पलीकडे बसलेली वृद्ध भिक्षुणी. सोमिल तर मीच होतो."

भाऊ कोण, हे त्याने लगेच सांगितले नाही. त्याच्या मागे उभा राहून त्याचा सेवक भिक्षू पंखा हलवीत होता.

"आणि शंखक म्हणजे हा, मला वारा घालतो आहे तो. त्या जन्मी नदीपलीकडे राहिला. या जन्मी मी जा म्हटले तरी जात नाही."

पंखा क्षणभर थांबला, मग पुन्हा हलू लागला.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परम व्रत, पाळली. कोणी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले.