काळ्या अस्वलाची गाठ

एका राज्यात बाहुल्या करणाऱ्यांचे एक गाव होते. जुन्या लुगड्याची बाहुली, घोंगडीचे अस्वल, सावरीच्या कापसाचा हत्ती, सगळे तिथे होई. पण कोणतीही बाहुली तिथे पुरती शिवून बंद करीत नसत. पाठीवर, कापूस भरायच्या जागी, करंगळीचे टोक जाईल एवढी फट ठेवीत. तिला वाट म्हणत. का ठेवायची, ते कोणी विचारीत नसे. आई ठेवी म्हणून लेक ठेवी.

त्या गावात सगुणा नावाची बाई राही. तिचा टाका शोधूनही सापडत नसे.

तिथल्या राजाचे नाव रुद्रकेतू. त्याचा पाच वर्षांचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला. वैद्यांनी हात टेकले. मुलाने अस्वल मागितले, म्हणून राजाने सगुणेला बोलावून घेतले. मुलाच्या उशाशी बसून तिने काळ्या घोंगडीचे अस्वल शिवले, डोळ्यांना रिठ्याच्या बिया लावल्या, पाठीवर वाट ठेवली आणि सुई खाली ठेवली. मुलाने अस्वल छातीशी धरले तेव्हा राणी हसली. राजाचे लक्ष मात्र त्या फटीकडे गेले.

“हे काम अर्धे का?”

“आमचा रिवाज आहे, महाराज.”

“माझ्या मुलाच्या वस्तूत उणे नको.”

त्याने स्वतः सुई उचलली, चार टाके घातले आणि गाठ मारली. त्याच क्षणी मुलाचा श्वास थांबला. पण तो मेला नाही. डोळे उघडे ठेवून उशीला टेकला आणि तसाच बसून राहिला. दंड दाबला की आत कापूस लागे.

राजाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “गेला नाही.”

राणीचे रडणे थांबेना. राजाने तिची बाहुली करविली, वाट न ठेवता. राणी खिडकीत बसली ती बसलीच. मग राजाने भावाची बाहुली करविली, मग प्रधानाची, मग गवयाची. जो आपल्याला सोडून जाईल असे वाटे, त्याची बाहुली चंदनाच्या कपाटात येई, आणि तो माणूस असेल तिथे बसून राही. तीन वर्षांत तीनशे बारा बाहुल्या झाल्या. सगळ्या सगुणेच्या हातच्या. लोक म्हणत, साथ आहे. सगुणाही तसेच म्हणे. मनात एकदा शंका आली होती; दोऱ्याचे उरलेले टोक आत ढकलावे तशी तिने ती ढकलून दिली. राजा तिला म्हणाला होता, “तुझ्यासारखा हात राज्यात नाही.”

एके दिवशी राजाची पालखी गावावरून गेली. विहिरीवर सगुणेची लेक केतकी हसत होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला: या मुलीची बाहुली हवी. सगुणेने ती शिवली, आणि तिच्या हातून इतके चांगले काम पूर्वी झाले नव्हते. बाहुली कपाटात गेली त्या सकाळी केतकी कमरेवर घागर घेऊन विहिरीच्या काठावर बसली. आईने हाक मारली. केतकीने मान वळवली नाही.

त्यातच बातमी आली की कपाटांना कसर लागली आहे. माळ्याची बाहुली किड्यांनी खाल्ली, आणि चौथ्या दिवशी तो बसला होता त्या ओट्यावर मूठभर भुसा उरला.

सगुणा विहिरीपाशी बसून राहिली. वरच्या भोकरीच्या झाडावर एक शिंपी पक्षी पाने जोडून घरटे शिवत होता.

“बाई,” पक्षी म्हणाला, “तुझ्यापेक्षा माझी चोच बरी.”

“ती कशी?”

“मी शिवतो, पण दार ठेवतो. तुला शाबासकी गोड लागली. दार बुजवलेस.”

सगुणा म्हणाली, “उपाय असेल तर सांग. टोमणे मग मार.”

“पहिली गाठ सुटली की सगळ्या सुटतील. ज्या हाताने बांधली त्याच हाताने सुटायला हवी. कापलीस तर कायमची बसेल.”

“ती गाठ राजाची आहे.”

“म्हणून तर सांगतो, तुझी सुई तिथे चालणार नाही,” पक्षी म्हणाला आणि पुन्हा शिवू लागला.

सगुणा राजाकडे गेली. “महाराज, माझी लेक परत द्या.”

राजा म्हणाला, “तीन कामे कर. मग बोलू. पहिले, कसरीने खाल्लेल्या बाहुल्या सांध.”

सगुणेने कडुनिंबाचा पाला जाळून कपाटे धुरावली. सोळा बाहुल्यांची भोके त्याच रंगाच्या दोऱ्याने विणून काढली. केतकीच्या बाहुलीची टाच कुरतडलेली होती. ती तिने सर्वांत शेवटी सांधली; आधी घेतली असती तर बाकीच्या तशाच राहिल्या असत्या.

“दुसरे,” राजा म्हणाला. “राणीची बाहुली हसत नाही. तिला हसव.”

“राणीसाहेब कशा हसत, ते सांगा.”

राजा आठवू लागला. तीन वर्षे त्याने बाहुलीच पाहिली होती. “तूच ठरव,” तो शेवटी म्हणाला.

सगुणेला ते हसू आठवत होते. तिने ओठाची डावी कड दोन धागे वर घेतली. राजाने पाहिले आणि तोंड फिरवले.

तिसरे काम त्याने फार हळू सांगितले. “माझा मुलगा आता आठ वर्षांचा असता. हे अस्वल त्याला लहान होते. मोठे कर.”

सगुणेने अस्वल मांडीवर घेतले. पाठीवरचे ते चार वाकडे टाके तिने ओळखले.

“मोठे करायचे तर आधी उसवावे लागते, महाराज. ही गाठ तुमची आहे, तुम्हीच सोडा.” अस्वल पुढे करीत ती म्हणाली, “पण सोडलीत की तो जाईल. बाकीचे सगळे उठतील.”

“हे सांगितले नसतेस तर मी आता सोडून बसलो असतो.”

“उसवताना आत काय आहे ते आधी सांगायचे असते. एक रिवाज मी मोडला. हा मोडणार नाही.”

राजा म्हणाला, “मी नाही सोडली तर?”

“तर कसर पुन्हा येईल. घोंगडी तिला फार आवडते.”

राजाने मुलाला मांडीवर घेतले. मूल कापसाइतके हलके होते. मग तो गाठीला नख लावू लागला. तीन वर्षांत ती घट्ट बसली होती. नखातून रक्त आले. सगुणेने मदत केली नाही, करता येत नव्हती. दुपार कलली तेव्हा गाठ सुटली.

अस्वलाच्या पाठीतून तापलेला श्वास बाहेर आला. “आबा,” एवढेच ऐकू आले. राजाच्या मांडीवरचे मूल जड झाले, खऱ्या मुलाइतके जड, आणि मग थंड झाले.

कपाटांत टाके तुटल्याचा आवाज पावसासारखा सुरू झाला. प्रधान उठला, गवई उठला. राणी खिडकीतून उठून आली. तिने मुलाला पाहिले, आणि तीन वर्षे अडलेले रडणे रडली. राजा तिच्या शेजारी बसून राहिला. त्याने तिला थांब म्हटले नाही.

विहिरीवर केतकी उठली आणि घागर भरू लागली. आई परतली तेव्हा म्हणाली, “आई, टाच दुखते गं.” सगुणेने तिची टाच हातात घेतली. तिथे दोऱ्यासारखा एक व्रण होता. तो पुढे कधी गेला नाही.

माळी परत आला नाही. त्याच्या दारी सगुणा रोज झाडांना पाणी घालीत असे.

मुलाबरोबर अस्वलही पुरले, पाठ उघडी ठेवून. चंदनाची कपाटे राजाने मोडून टाकली. त्या राज्यात आजही बाहुलीच्या पाठीवर वाट ठेवतात, आणि का ठेवायची ते लेकीला आधी सांगतात. आम्ही ऐकले तसे लिहून ठेवले. टाका कुठे चुकला असेल तर ऐकणाऱ्याने सांधून घ्यावा.