गेनूनं कुरडईची परवानगी मागितली

आईशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी. मी स्वतः तिथं उभा होतो. म्हणजे त्या दिवसांत मी मावशीकडं गेलो होतो, पण उभाच होतो.

एका गावात एक भोळा गेनू होता. त्याच्या वहिनीनं दोन डबे भरून कुरडया केल्या होत्या. शहरातल्या दुकानदारानं कळवलं, "तेलात फुलतानाचा व्हिडिओ पाठवा. आवडला तर सगळा माल घेतो." वहिनीला सवड कुठली? तिनं गेनूला ग्रामपंचायतीतल्या मोबाइलच्या वर्गात घातलं. तिथं शुभाताई व्हिडिओ काढायला शिकवायच्या.

पहिल्या दिवशी गेनूनं ओढ्यापलीकडून म्हैस टिपली. ती गोचिडाएवढी दिसली.

ताई म्हणाल्या, "अरे, जवळ जायचं! नाकाला नाक लागेल इतकं."

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी त्यानं आग्या मोहोळाला नाक लावलं. वर्गात आला तो भोपळा होऊन.

"गेनू, अशा वेळी लांबून काढावं. आडोशाला लपून, चाहूल न देता."

"बरं ताई."

तिसऱ्या दिवशी सरपंचांची मुलाखत होती. सरपंच मागच्या अंगणात अंघोळ करत होते. गेनू कडब्याच्या गंजीमागं लपला. चाहूल दिली नाही. सरपंचांनी मात्र बादली दिली, डोक्यात.

ताईंनी कपाळाला हात लावला. "समोर जायचं, नमस्कार करायचा, परवानगी मागायची. 'हो' आल्याशिवाय मोबाइल चालू करायचा नाही. काय?"

"आता पक्कं कळलं, ताई."

चौथ्या दिवशी वहिनीनं कढई तापवली. "गेनूभावजी, मी शेजारून चांगलं ताट आणते. तोवर एखादी तळून व्हिडिओ घ्या. डोळा मिटायच्या आत फुलते हं!"

शेजारी ताट लगेच मिळालं, गप्पा आवरल्या नाहीत. वहिनी परतली तर घरात धूर, दोन्ही डबे रिकामे आणि परातीत काळाकुट्ट ढीग. गेनू कढईपुढं हात जोडून उभा.

"भावजी! हे काय केलंत?"

"काय सांगू वहिनी, एकेकीला तेलात सोडून हात जोडून विचारलं. काळ्या पडेपर्यंत वाट पाहिली. दोन डब्यांत एकही 'हो' म्हणाली नाही. फार मानी कुरडया केल्यात तुम्ही."

वहिनीनं कढईकडं पाहिलं, गेनूकडं पाहिलं आणि पोट धरून हसली.

हे हसणं तेवढं मी पदरचं घातलंय.