मसाल्यातला शेवटचा जिन्नस

चौगुलेअण्णांचा कांदा-लसूण मसाला अख्ख्या कोल्हापुरात गाजलेला, आणि अण्णांचा तोरा त्याहून झणझणीत. मसाल्यातला शेवटचा जिन्नस ते दार लावून घालत. बायकोलाही त्याचा पत्ता नव्हता.

एकदा नेहमीच्या गिऱ्हाईक सुगंधाक्का मोबाइलवरून पैसे देताना पदराआड पिन दाबू लागल्या. भरल्या दुकानात अण्णा भडकले, "माझ्यावर संशय? मोठ्यानं सांगा आकडे, मी दाबतो. इथं सगळी घरचीच माणसं आहेत!"

अक्का क्षणभर ओशाळल्या. मग हसून म्हणाल्या, "सांगते की! आधी तुम्ही तो शेवटचा जिन्नस मोठ्यानं सांगा. सगळी घरचीच तर आहेत."

गिऱ्हाइकांनी कान टवकारले. अण्णा भिंतीकडे तोंड करून खो-खो हसत ओरडले, "पाठ फिरवा रे सगळ्यांनी! अक्का पिन घालताहेत."