बांधाखालची चूल

पिंपळदऱ्याच्या तळ्यावर येणारे पाहुणे बांधावर उभे राहून पाणी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. खाली उतरलात तर बांधाच्या पायथ्याशी एक ओटा दिसेल. त्यावर देव नाही, दिवा नाही. नुसती काळ्या दगडांची चूल आहे. तिची हकीगत जुनी माणसं अशी सांगतात.

हा बांध घालायचं काम कुणाला द्यायचं, हे येसाजी पाटलांच्या हाती होतं. दगडमातीची कामं करणारे वडार आले. बांधाच्या पोटात चिकण काळी माती घालून ती जनावरांकडून तुडवून घ्यावी लागेल, वेळ लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात पाटलांचे व्याही कान्होजी यांनी खिलार बैलांची देखणी जोडी पाठवली. पाटलांनी बैल बांधून घेतले आणि गावाला न विचारता काम व्याह्यांना दिलं. पुढे बांधाच्या पोटात काळ्या मातीऐवजी नुसता मुरूम पडताना त्यांनी स्वतः पाहिला. पण बैल दावणीला उभे. बोलणार कुठल्या तोंडानं?

पावसाळ्यात तळं भरत आलं आणि पाटलांची झोप उडाली. बांधाच्या खालच्या अंगाला ओल धरली होती, आणि तिथंच कुंभारांची वस्ती होती. पाटील जाऊन ओलीवर पाय ठेवून बघत, घरी येऊन ताट तसंच सारत. कालच्याहून ओल वाढली, की आपल्यालाच तसं वाटतंय? कुणाला विचारायची सोय नव्हती.

नव्या पाण्याचा नैवेद्य पाटलाच्या सुनेनं पाण्याजवळ रांधायचा, ही गावाची रीत. सून ठकूबाई म्हणजे कान्होजींचीच लेक, आणि तेव्हा ती पोटुशी होती. बापानं बांधलेलं तळं, म्हणून ती मोठ्या कौतुकानं निघाली आणि तिनं बांधाखाली चूल मांडली. गाव जमलं होतं. कान्होजी धावत खाली आले.

"ठकू, हितं नको. वर चल."

का, म्हणून तिनं विचारलं. कान्होजी ओलीकडे बघत राहिले. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, तर त्यांची मान खाली. ती काय समजायचं ते समजली.

"मग कुंभारांच्या बायांनी रोज चूल कुठं मांडायची, आबा?"

बापाला एवढं बोलून तिनं जाळ केला. तळं रिकामं झाल्याशिवाय उठणार नाही, अशी तिनं शपथ घेतली.

तेव्हा कुठं पाटलांचं तोंड उघडलं. बैलांसकट सगळं त्यांनी गावासमोर सांगितलं, कुंभारांना टेकडीवर धाडलं, आणि दोघा व्याह्यांनी स्वतः पाण्यात उतरून बांधातली पाणी सोडायची मोरी मोकळी केली. पाणी दिवस मावळेपर्यंत वाहत होतं, आणि ठकूबाई चुलीपाशी बसूनच होती. बांधाची माती ढासळायला लागली, तसा प्रत्येक ढेकळासरशी पाटलांचा जीव खालीवर होई. शेवटी मोठा ढिगारा घसरत आला, तो म्हणे चुलीपाशी येऊन थांबला.

त्या वर्षी गावानं लांबून पाणी वाहिलं आणि पाटलांना बोल लावले. पुढच्या वर्षी वडारांना बोलावलं. माती तुडवायला तेच खिलार बैल जुंपले.

आजही बांधाचं कुठलंही काम, डागडुजी असो की नवी मोरी, या ओट्यापाशी सगळ्यांदेखत दिलं जातं. पहिलं पाणी भरलं की काम देणारा आणि घेणारा, दोघांच्या घरच्यांनी इथं रांधून जेवायचं. गेल्या खेपेला एक कंत्राटदार ओटा बघून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. जे येतात ते जेवतात, आणि आम्ही वर बांधावर उभे राहतो. घास घेताना त्यांची नजर बांधाकडे जाते का, तेवढं बघतो.